कारण कोणी द्यायचं?

विवाह नोंदणीच्या कार्यालयात जिन्याला लागून एक काचेचा फलक आहे. काचेला कुलूप असतं, आत टाचण्यांनी लावलेले कागद. प्रत्येक कागदावर दोन नावं, दोन वयं, दोन पत्ते आणि वर चिकटवलेले दोन फोटो. कोर्टात जाताना तो माझ्या वाटेवरच पडतो. गेले काही दिवस मी रोज सकाळी तिथे थांबते, कारण त्यातला एक कागद माझ्या अशिलांचा आहे.

मुलगी नर्स आहे, मुलगा टॉवरच्या देखभालीचं काम करतो. जाती वेगळ्या. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं म्हणून दोघं माझ्याकडे आले. फॉर्म भरून झाला, आणि मग मी नेहमीप्रमाणे नोटिशीचं सांगितलं. तुमची माहिती तीस दिवस फलकावर राहील. मुलाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणून एक प्रत तिकडेही लागेल. कुणाला हरकत घ्यायची असेल तर या मुदतीत घेता येते.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आम्ही का वावर विकून राहिलो?"

पंचवीस वर्षांच्या वकिलीत 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' असं सुरू होणाऱ्या जाहीर नोटिसा मी शेकड्यांनी दिल्या आहेत. शेत घ्यायचं असलं की आधी पेपरात नोटीस द्यायची, म्हणजे कुणाचं गहाण, बोजा, वारसा असेल तर त्याने पुढे यावं. जमिनीच्या बाबतीत हे बरोबरच आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं असलं तरी बहिणीचा हिस्सा असू शकतो, सोसायटीचं कर्ज असू शकतं. पण एका सज्ञान बाईवर कुणाचा हिस्सा असतो? कुणाचा बोजा? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यात आहे, म्हणून आहे, एवढंच मी सांगू शकले.

ती दोघं गेल्यावर माझा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिबरल आहात ना?" मुलगा हुशार आहे, मनाने चांगला आहे, पण हल्ली तो शब्द ज्या सुरात उच्चारला जातो त्याच सुरात त्याने उच्चारला. जणू एखाद्याला दम्याचा त्रास आहे का, असं विचारावं. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "म्हणजे नक्की काय?" त्या दिवशी तारखा होत्या, बोलणं राहिलं. ते इथे लिहिते आहे.

मराठीत आपण उदारमतवाद म्हणतो, आणि मला वाटतं की त्या शब्दापासूनच घोटाळा सुरू होतो. उदार म्हणजे देणारा. मन मोठं असलेला. सुनेला नोकरी करू देणारा, मुलीला शिकू देणारा, दुसऱ्याच्या देवाला चालवून घेणारा. चांगली माणसं असतात ती, पण त्यांच्या घरात परवानगीची चावी त्यांच्याच कमरेला असते. आज दिली, उद्या काढून घेतली. त्यात भर म्हणजे आपल्याकडे रानडे-गोखल्यांच्या परंपरेला 'मवाळ' हे नाव चिकटलं. म्हणजे एका शब्दातून दातृत्व आलं आणि दुसऱ्यातून मऊपणा. मला जो विचार समजला आहे त्यात दोन्ही नाहीत. तो एका साध्या, पण फार कडक प्रश्नावर उभा आहे: कारण कोणी द्यायचं? करणाऱ्याने, की अडवणाऱ्याने?

कोर्टात आम्ही पहिल्यांदा हेच बघतो. बर्डन कुणावर? शाबितीचा भार कुणी उचलायचा? अर्धी केस तिथेच ठरते. उदारमतवाद म्हणतो, माणूस जन्मतः मोकळा आहे, त्यामुळे तो काही करत असेल, बोलत असेल, लिहीत असेल, विकत असेल, कुणाशी लग्न करत असेल, तर त्याने कुणाला खुलासा द्यायचं कारण नाही. खुलासा अडवणाऱ्याने द्यायचा. मग तो अडवणारा सरकार असो, जातपंचायत असो, नाहीतर बाप असो. आणि खुलासाही कसला? मला आवडत नाही, आमच्यात चालत नाही, लोक काय म्हणतील, हे चालणार नाही. यामुळे अमक्याचं नुकसान होतं, हे दाखवावं लागेल.

हे मी कॉलेजात वाचलं, पण कळलं त्याच्या कितीतरी आधी. पैनगंगेच्या काठावर कळलं.

आमचं गाव नदीच्या अलीकडे. पलीकडे तेव्हा आंध्र, आता तेलंगण. घरची कोरडवाहू जमीन, त्यात कापूस. महाराष्ट्रात १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. म्हणजे कापूस शेतकऱ्याचा, पण विकायचा फक्त सरकारी केंद्रावर. खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. नेला तर गुन्हा.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. बाबांनी केंद्रावर बंडी नेली होती. तीन दिवस रांगेत. बैल तिथेच, बाबा बंडीखाली झोपायचे, आई माझ्या भावाच्या हाती डबा पाठवायची. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने बंडीत हात घातला, मूठभर कापूस काढून पाहिला आणि खालची प्रत लावली. बाबा म्हणाले, साहेब, हा पहिल्या वेच्याचा आहे, किडकी कवडी नाही यात एक. साहेबांनी पुढच्या बंडीकडे बोट केलं. नेलं असतं परत, पण नेऊन करायचं काय? दुसरं दारच नव्हतं. चुकाऱ्यातही कपाती होत्या. किंमत चढउतार निधी, भांडवल निधी, अशी नावं मी त्या चिठ्ठीवर वाचली होती. बाबांना वाचून दाखवली, त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

त्याच्या पुढच्या वर्षी, संक्रांतीच्या थोडं अलीकडे, घरात रात्री काहीतरी चाललं होतं. मोठेबाबांनी बैलांच्या गळ्यातल्या घाटी काढल्या. चाकाच्या आसाला वंगण दिलं, आवाज येऊ नये म्हणून. बंडी भरून पलीकडे निघाली होती, कारण पलीकडे भाव जास्त होता. नदीला गुडघाभर पाणी. मला बॅटरी घेऊन उतारावर उभं केलं होतं, पण लावायची नाही, मोठेबाबा खाकरले की लावायची. ते खाकरले नाहीत. बंडी अंधारातच पाण्यात उतरली.

पण मला जे सगळ्यात जास्त आठवतं ते सकाळचं. नदीकडे जाणाऱ्या पांदणीला दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या. भरलेली बंडी जाताना काट्यांना कापूस लागलेला, पांदणभर, पांढरे पुंजके. कुणीही पाहिलं असतं तर वाट समजली असती. आई उजाडायच्या आत उठली, मला घेतलं आणि आम्ही दोघींनी काट्यांतून तो कापूस वेचला. हाताला ओरखडे आले. ओचा भरला. आई म्हणाली, "वावरातला वेचला तं मजुरी, अन् हा वेचला तं चोरी." एवढंच. आमच्याच वावरातला, तिनेच वेचलेला कापूस तो.

त्या योजनेचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. खाजगी व्यापाऱ्याने आमच्या आजोबांना काय कमी लुटलं होतं? रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, कडता कापला जायचा, उचल दिलेली असली की माल त्यालाच घालावा लागायचा. त्यातून सोडवायला सरकार आलं. भाव पडलेल्या वर्षी केंद्राने बाजारापेक्षा जास्त दिलं, हेही खरं. पण लुटणारे दहा होते तेव्हा निदान अकराव्याकडे जाता येत होतं. सरकारने दहाही दारं बंद केली आणि एकच उघडं ठेवलं. त्या एका दाराशी बसलेला माणूस वाईट असायची गरजच नसते. त्याला फक्त माहीत असावं लागतं की तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही. वजनकाटा बरोबर आहे का हे बघायला, करार मोडणाऱ्याला कोर्टात खेचायला, फसवणाऱ्याला शिक्षा द्यायला सरकार हवंच. माझा सगळा धंदाच त्यावर आहे. पण शेतकऱ्याने माल कुणाला विकू नये याचं कारण सरकारने द्यायला हवं होतं, आणि ते कारण माझ्या बाबांपुढे उभं राहायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट खाली मान घालून कारण देत बाबा उभे होते.

त्याच काळात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा सुरू होत्या. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांचं नाव आमच्याकडे पोहोचलं होतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे बाबांच्या छातीवरच्या लाल बिल्ल्यासोबत घरात आलं. मला आजही ती घोषणा उदारमतवादाची सगळ्यात चांगली मराठी व्याख्या वाटते. अनुदान द्या असं ती म्हणत नाही. ती म्हणते, वाटेतून बाजूला व्हा. विद्वानांच्या चर्चेत उदारमतवाद म्हटलं की पुणं, मुंबई, इंग्रजी शिकलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. माझ्या डोळ्यांपुढे धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालेले मोठेबाबा येतात.

शरद जोशींचं एक काम मात्र कापूस-कांद्याइतकं आठवलं जात नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीमुक्ती नावाचा कार्यक्रम आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा. गावातल्या शंभर घरांनी हे केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. ज्या पुरुषांनी सरकारकडे हक्क मागितला, त्यांनाच हा माणूस विचारत होता की तुमच्या घरातल्या हक्काचं काय? मला यातला धीटपणा आजही थक्क करतो. आपल्याच माणसांकडे बर्डन वळवायला फार मोठी छाती लागते.

बाबांनी अडीच एकर आईच्या नावे करायचं ठरवलं. मी तेव्हा सोळा-सतराची. तलाठ्याने फेरफाराची नोटीस चावडीवर लावली, आणि मुदतीत काकांनी हरकत घेतली. भावजयीच्या नावाने जमीन गेली तर उद्या तिच्या माहेरचे लोक वावरात उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती, आणि बाबांबरोबर मी गेले होते. अधिकाऱ्यांनी काकांना एकच विचारलं: वाटणी झाली आहे ना? मग या अडीच एकरात तुमचा हक्क कोणता? काका बराच वेळ बोलले. घराण्याबद्दल, रीतीबद्दल, आजोबांच्या शब्दाबद्दल. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग पुन्हा विचारलं, तुमचा हक्क कोणता? वकील व्हायचं माझ्या डोक्यात तिथे आलं.

आईला तोवर सही येत नव्हती. पाटीवर मी गिरवून दिली. पंधरा दिवस ती चुलीपुढे कोळशाने फरशीवर नाव काढायची. फेरफार मंजूर झाला, नाव चढलं, आणि पुढे तीन वर्षांनी बाबांना भावाच्या दुकानासाठी ती जमीन गहाण टाकायची होती. आई म्हणाली, "माह्या अडीच एकराले हात लावायचा नाही." बाबा चिडले. दोन दिवस जेवले नाहीत. पण जमीन गहाण पडली नाही. देणाऱ्यालाच नाही म्हणता येणं, हे उदारपणातून मिळत नाही. ते हक्कातून मिळतं. जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडलं होतं की प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या देहाचा मालक असतो आणि मालमत्तेचा हक्क त्याच्या कष्टातून निघतो. ते वाचताना मला फरशीवरचं ते काळं नाव दिसत होतं. आपल्या संविधानात मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत हक्कांत होता, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो तिथून काढला, आता कलम ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला आहे. मोठ्या मालमत्तांना आवर घालायचा होता, हे मला समजतं. पण ज्या बाईकडे अडीच एकरच आहेत तिच्यासाठी तो हक्क काय चीज आहे, हे त्या दुरुस्तीत कुणी पाहिलं असं मला वाटत नाही.

आता देहाच्या मालकीबद्दल. इथे मला रखमाबाईंबद्दल लिहायलाच हवं. मी कोणत्याही नव्या ज्युनिअरला पहिली केस वाचायला देते ती ही.

मुंबईची मुलगी, अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावून दिलं. ती माहेरीच राहिली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, शिकत राहिली. मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला, बायको ताब्यात मिळावी म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. लहानपणी, काही कळत नसताना लावलेल्या लग्नासाठी एका तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या घरात ढकलायचं हे त्यांना मान्य नव्हतं. शिवाय नांदण्याचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला आहे, हेही त्यांनी दाखवलं. गदारोळ उठला. धर्म बुडाला, असं म्हणणाऱ्यांत टिळकही होते. अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

या उत्तरापुढे मी अनेकदा थांबले आहे. बावीस वर्षांची बाई. समाज विरोधात, निकाल विरोधात. आणि ती सांगते की माझी संमती नाही, आणि ती विकत किंवा हुकमाने मिळणार नाही. १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं दवाखान्यात काम केलं, आणि १९५५ पर्यंत जगल्या. त्याच १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला, आणि त्यात कलम ९ आहे. नांदायला येण्याचा दावा. आता तुरुंग नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते पुन्हा वैध ठरवलं. कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा, "कलम नऊ टाकलं का?" हे वाक्य रोज कानावर येतं.

मीही टाकलं होतं. वकिलीच्या चौथ्या वर्षी, एका नवऱ्याच्या बाजूने. पैशांची गरज होती, केस सोपी होती. तारखेला ती मुलगी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दहावीची गुणपत्रिका. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही का जात नाही? ती काहीच बोलली नाही, फक्त गुणपत्रिका काढून पुढे केली. मराठीत ८४. शिपायाने ती परत तिच्या हातात दिली. मी निकाल मिळवला. ती गेली की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी कारण देण्याचा भार मी चुकीच्या बाजूला टाकला, आणि त्याची फी घेतली. त्यानंतर मी नवऱ्याच्या बाजूने कलम नऊ घेतलेलं नाही.

आता ज्युनिअरचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो सगळेच विचारतात. हे सगळं गोऱ्यांचं नाही का? ज्यांनी स्वातंत्र्यावर पुस्तकं लिहिली त्यांनीच आपल्याला गुलाम केलं.

खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली तो नियम अगदी स्वच्छ मांडला, की दुसऱ्याला होणारं नुकसान टाळण्यापुरतंच समाजाला एखाद्या माणसावर सक्ती करता येते. तोच मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि मागासलेल्या समाजांना हा नियम लागू नाही असं त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे. मागासलेले म्हणजे आपण. कारण कोणी द्यायचं, हा प्रश्न त्याने कंपनीला विचारला नाही. हा त्याचा दोष आहे, मोठा दोष आहे. पण प्रश्न एकदा जगात आला की तो मालकाच्या ताब्यात राहत नाही. आगरकरांनी तो उचलला आणि घराच्या आत नेला. १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं, मुलीचं वय दहावरून बारा. परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये, असं बहुतेक पुढारी म्हणाले. आगरकर म्हणाले, डोकावलं पाहिजे, कारण घराच्या आत एक मूल आहे. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. उदारमतवाद म्हणजे सरकार जितकं कमी तितकं बरं, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी त्या दहा वर्षांच्या मुलीचा विचार करावा. तिच्यासाठी सरकार हे दुसरं दार होतं.

आणि बाबासाहेब. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की आम्ही गाव हा घटक टाकून दिला आणि व्यक्ती हा घटक घेतला, याचा मला आनंद आहे. गावावर प्रेम करणाऱ्यांना ते फार झोंबलं. मी गावातली आहे, माझं गावावर प्रेम आहे, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. गाव म्हणजे कोण? आमच्या चावडीवर बसणारे आठ जण. मोजायचं असेल तर माणूस मोजा, एकेक करून, माझ्या आईसकट. त्यांनीच १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात लोकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं द्यायचे, म्हणून अश्लीलतेचा खटला. केस हरले, दंड झाला. हरलेल्या केसेस मी ज्युनिअरला मुद्दाम वाचायला सांगते.

आज कलम १९ आहे. बोलण्यावर, संचारावर, धंद्यावर सरकारला निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी असले पाहिजेत, आणि ते तसे आहेत हे सरकारने कोर्टात दाखवायचं असतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याचा आधार घेऊन अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ च्या जानेवारीत म्हटलं, विशेष विवाहाची नोटीस फलकावर लावायची की नाही हे त्या जोडप्याने ठरवावं. आमच्या जिन्यापाशी मात्र काच आहे, कुलूप आहे आणि टाचण्या आहेत. १९५४ चा कायदा करणाऱ्यांनी जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी दार उघडलं, ही फार मोठी गोष्ट. पण दारात फलक टांगला. बाकीच्या लग्नांत भटजी मंगलाष्टकं म्हणतो आणि झालं, तिथे तीस दिवस कुणी विचारत नाही.

मंगळवारी मुलीचे मामा आले. त्यांना फलकावरूनच कळलं होतं. गावातल्या कुणीतरी फोटो काढून पाठवला होता. मला वाटलं, आरडाओरडा होईल. ते खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, "मॅडम, लहानपणापासून मी सांभाळली तिले. आम्हाले विचारलं पण नाही."

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. मग ते म्हणाले, हरकत घ्यायची आहे, फॉर्म कुठे मिळतो? खरं तर मी त्यांची वकील नाही, पण मी कायद्याचं मराठी पुस्तक काढलं, कलम ४ उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. हरकत फक्त यावरच घेता येते. दोघांपैकी कुणाचा नवरा किंवा बायको हयात आहे का? संमती देण्याच्या मनःस्थितीत दोघं आहेत का? मुलगा एकवीस, मुलगी अठरा पूर्ण आहे का? जवळच्या, निषिद्ध नात्यातले आहेत का?

त्यांनी खिशातून चष्मा काढला. बोट ठेवून ओळ वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुसऱ्या वेळी जरा सावकाश.

"यात जात कुठी आहे?"

"नाही."

"मामा?"

"नाही."

त्यांनी पुस्तक बंद केलं नाही, तसंच उघडं ठेवलं. थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग विचारलं, मुलगा कमावतो का? मी म्हटलं, कमावतो. दारू? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, तुम्ही त्याला भेटा. त्यांनी नंबर मागितला. मी दिला नाही, मुलीला फोन लावला आणि विचारलं, देऊ का? ती पलीकडे गप्प होती. मग म्हणाली, उद्या सांगते.

आज एकोणिसावा दिवस आहे. सकाळी पाहिलं तेव्हा कागदाच्या खालच्या कोपऱ्यातली टाचणी निघाली होती आणि कागद थोडा वर वळला होता. मुलीचा अजून फोन आलेला नाही. मामांचे दोन येऊन गेले.